चवथीपर्यंत

चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधायला आमच्या वसरीच्या तुळयांना चार लोखंडी कड्या आहेत, आजोबांच्या काळच्या. चवथीचे दिवस सोडले तर त्या वर्षभर रिकाम्या असायच्या. 2022 च्या नोव्हेंबरपासून मात्र खिडकीकडच्या कडीला एक दिवसाआड रिंगर लॅक्टेट सलाईनची बाटली टांगली जाऊ लागली, आणि तिच्याखाली, बाबांच्या आरामखुर्चीत, आमची मांजर, सुंगटी. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. 9 सप्टेंबर 2024 ला थांबलं.

तिला आम्ही निरोप दिला तो डॉक्टरांना घरी बोलावून, इंजेक्शन देऊन. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. तो घ्यायला मी जे दिवस लावले, ते मनातून जात नाहीत. ज्यांच्या घरात म्हातारं मांजर आहे त्यांना ते दिवस कसे गेले हे कळावं, म्हणून लिहिते आहे.

सुंगटी 2006 च्या मिरगात आली. गोव्यात माशेलला आमच्या घरामागं मांगर आहे. तिथं पावसाळ्यासाठी रचून ठेवलेल्या लाकडांत आईला मुठीएवढं पिल्लू सापडलं. अंग आक्रसून, शेपटी पोटाशी घेऊन पडलेलं, रंगानं तांबूस. आई म्हणाली, "सुंगट कशें दिसता गो." सुंगट म्हणजे कोळंबी. तेच नाव राहिलं. या रंगाची मांजरं बहुतेक बोकेच निघतात, पाचांत एखादी मादी असते. ही ती एखादी. दुसऱ्या वर्षी तिचं ऑपरेशन करून घेतलं, आणि त्यानंतर लस सोडली तर दवाखान्यात न्यायची वेळ तिनं कधी आणली नाही.

ती खरी बाबांची. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की दोघं मिळून फाटकापर्यंत जायची, उंडे घेऊन परत यायची. 2015 साली बाबा गेले. त्यानंतर बरेच दिवस ती त्यांच्या आरामखुर्चीखाली बसायची, वर चढायची नाही. एक दिवस चढली, आणि तेव्हापासून त्या खुर्चीत पाहुण्यांनासुद्धा आम्ही बसू दिलं नाही.

2022 च्या पावसाळ्यात ती पाणी फार प्यायला लागली. चहूकडं ओल आहे, हवेत गारवा आहे, आणि मांजर पुन्हा पुन्हा पाण्याकडं जातंय, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. स्वतःची वाटी संपवून ती न्हाणीत जायची आणि बालदीच्या काठावर पुढचे पाय टेकून प्यायची. तुळशीपुढच्या तांब्यात तोंड घालायची. आई कौतुकानं म्हणायची, तुळशीचं तीर्थ घेते. मग पाठीचा कणा हाताला लागू लागला, कमरेवरच्या केसांच्या गुठळ्या व्हायला लागल्या, कारण अंग चाटणं तिनं कमी केलं होतं. एका दवाखान्यात नेलं, तिथं वय विचारलं आणि "म्हातारपण आहे" म्हणून ताकदीचं औषध लिहून दिलं. रक्त तपासलं नाही. तपासा, असं मीही म्हटलं नाही. तीन महिने त्या औषधावर गेले.

शेवटी फोंड्याच्या एका डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी आधी वजन केलं. एके काळी 4 किलो 200 ग्रॅम भरलेलं मांजर 3 किलो 100 ग्रॅमवर आलं होतं. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य, 3.4. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचे चार टप्पे धरतात, त्यांतला हा तिसरा. क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं, असं त्यांनी सांगितलं. जे उरतं त्याला लघवी दाट करता येत नाही, पाणी नुसतं वाहून जातं, म्हणून मांजर पीत सुटतं आणि तरीही आतून सुकत जातं. सोळा वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या हिशोबानं ऐंशीचं. हा आजार बरा होत नाही, पण नीट सांभाळलं तर वर्ष-दोन वर्षं बरी जाऊ शकतात, एवढं त्या म्हणाल्या आणि मला सलाईन द्यायला शिकवायला बसल्या.

हे शिकणं मला सविस्तर सांगायचं आहे, कारण घाबरून पुष्कळ लोक ते करतच नाहीत. सलाईन शिरेत द्यायचं नसतं, कातडीखाली द्यायचं असतं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची आणि थेंब मनगटावर टाकून पाहायचा, लहान मुलाचं दूध पाहतो तसं. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून वर उचलली की तिचा तंबू होतो. त्या तंबूच्या पायथ्याशी, सुईची तिरपी बाजू वर ठेवून, थांबत थांबत न घालता एका दमात घालायची. पहिल्या दिवशी माझी सुई एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आली आणि सगळं पाणी तिच्या केसांवरून खुर्चीत. ती हलली नाही. मान वळवून फक्त बघत राहिली. तिसऱ्या खेपेला जमलं. 100 मिली जायला सात-आठ मिनिटं लागायची. पाठीवर बैलासारखं वशिंड यायचं, ते हळूहळू एका पायाकडं उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत जिरून जायचं. दुसऱ्या दिवशी ती ताजीतवानी असायची, कधी कधी खिडकीत उडी मारून बसायची. मी शाळेतून आले की आई दारातच सांगायची, आज दोनदा अंगणात फिरली.

माशांचा प्रश्न जास्त कठीण होता. अशा मांजराच्या पोटात फॉस्फरस कमी जायला हवा, आणि काट्यांसकट मासळी म्हणजे फॉस्फरसच फॉस्फरस. आमच्या घरातल्या मांजराला तारले आणि बांगडे बंद. मूत्रपिंडाच्या आजारासाठी मिळतं ते पाकिटातलं खाणं मी आणलं. तिनं हुंगलं आणि निघून गेली. मग त्यात काटे काढलेल्या माशाचा चमचाभर चुरा मिसळायचा, असा तोडगा निघाला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ते 61 दिवस घरात सुकं खारं असतं. ते तर तिला आणखी वाईट. मग मांडवीतला शेवटा, काळुंदर असं काही मिळतंय का ते बघत मी बाणस्तारीपर्यंत जायची. एकदा आई पाटल्या दारी तिला बांगड्याचं डोकं घालताना सापडली. मी रागावले. आई शांतपणे म्हणाली, "तोंडाक रूच ना जाल्यार जगून कितें करतली ती?" हे मी डॉक्टरांना तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर त्यांनी निम्मी बाजू आईची घेतली. योग्य ते न खाणाऱ्या मांजरापेक्षा थोडं चुकीचं खाणारं मांजर बरं, म्हणाल्या. उपास मांजराला मानवत नाही.

अशी दोन वर्षं मिळाली. त्यांत रक्तदाब वाढला, त्याची गोळी सुरू झाली. मळमळीची झाली, भुकेची झाली. गोळी तुपात बुडवून द्यायची युक्ती आईची. ते दिवस चांगले होते, याहून त्यांच्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं नाही.

ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात तिनं खाणं सोडलं. तोंडाला एक उग्र वास यायला लागला, आतल्या बाजूनं गालाला व्रण दिसले. अंग हाताला गार लागायचं. शेजारच्या काकी मायेनं म्हणाल्या, अंग दुखत असेल, पॅरासिटामॉलची पाव गोळी दे. मी द्यायच्या बेतात होते. सुदैवानं आधी फोन केला. माणसाची ती साधी गोळी मांजराच्या शरीराला पचवता येत नाही, थोडीशीसुद्धा जिवावर बेतते. हे इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण ती गोळी प्रत्येक घरात असते.

तपासणीत क्रिएटिनिन 9 च्या वर गेलेलं होतं, वजन 2 किलो 300. डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं. म्हणाल्या, "तिला बरं करायला माझ्याकडं आता काही नाही. त्रास थोडा कमी करता येईल, तोही थोडेच दिवस. पुढचं तुम्हाला ठरवावं लागेल." मी म्हटलं, ती आपोआप गेली तर बरं नाही का, झोपेत? त्यांनी नाही म्हटलं, आणि का नाही तेही सांगितलं. मूत्रपिंड बंद पडून येणारं मरण बहुधा झोपेत येत नाही. विष रक्तात साचत जातं, मळमळ आणि व्रण वाढतात, अंग गार पडत जातं, झटके येऊ शकतात, आणि यात दिवसच्या दिवस जातात. मांजर गप्प पडून आहे म्हणजे त्याला दुखत नाही असं नसतं. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव आहे. घुरघुरतं म्हणजे सुखात आहे असंही नाही, वेदनेतही मांजरं घुरघुरतात.

मग त्यांनी मला एक पद्धत सांगितली. ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकी पशुवैद्यबाईंनी 2004 साली ती मांडली. सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. वेदना किती आटोक्यात आहे, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सत्तरपैकी बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर जगणं सुसह्य समजायचं. आकडे रोज एकाच वेळी लिहा, म्हणाल्या, कारण रोज बघणाऱ्याला उतार दिसत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गुण देणं हे माझं रोजचं काम. शाळेची शंभर पानी वही घेतली, रकाने आखले आणि 30 ऑगस्टपासून रात्री नऊ वाजता लिहायला लागले. पहिल्या दिवशी बेरीज 33 आली. दुसऱ्या दिवशी 36. तिसऱ्या दिवशी 37.

चवथ 7 सप्टेंबरला होती. माझा भाऊ पुण्याला असतो. तो तयेच्या दिवशी, 6 तारखेला, मुलांना घेऊन येणार होता. त्याची धाकटी या मांजराच्या शेजारी झोपून मोठी झाली, दर सुट्टीत. फोनवर तो म्हणाला, "मी येईपर्यंत थांबव." त्यात त्याची चूक नाही. मलाही तेच हवं होतं. सगळे जमतील, गणपती येईल, माटोळीखाली ती नेहमीसारखी कांगलांच्या फळांच्या घोसाकडं टक लावून बसेल, सगळ्यांची शेवटची भेट होईल, मग बघू. आईचं कारण आणखी वेगळं होतं. घरात गणपती येणार आणि त्याच्या तोंडावर आपण मुद्दाम जीव घ्यायचा, हे तिला सहन होत नव्हतं. काकींनीही तिला आठवण करून दिली होती की मांजर मारल्याचं पाप फेडायला काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. मांजर हे सटीचं, षष्ठीदेवीचं, वाहन. आईनं आम्हा दोघा भावंडांची सटी पुजलेली. ती काही बोलली नाही, पण रात्री मला तिच्या खोलीतून जपमाळेचा आवाज यायचा.

म्हणून आकडे वाढत होते. चमचा तिच्या ओठांना लावला आणि तिनं जीभ फिरवली की मी भुकेला सहा गुण द्यायची. खरं तर ती ओठाला लागलेलं पुसत असायची. माझ्याकडं बघितलं की आनंदाला सात. खुर्चीतून पडत पडत न्हाणीपर्यंत गेली, की हालचालीला पाच. शाळेत अशा मुलाला पास करणारी मी नव्हे.

4 तारखेला माटोळी बांधायची चौकट खाली काढून पुसली. खिडकीकडची कडी मोकळी करावी लागली. सलाईनची बाटली मी खिडकीच्या गजाला बांधली. त्या दिवशी पाणी जिरलं नाही. सकाळी दिलेलं संध्याकाळी तिच्या पायाशी तसंच पिशवीसारखं लोंबत होतं. त्याचा अर्थ मला कळत होता.

6 तारखेला रात्री भाऊ आला. त्याची मुलगी खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि तिच्या कानामागं खाजवत राहिली. सुंगटीनं तिला ओळखलं की नाही, माहीत नाही. मान वर झाली नाही.

चवथीच्या दिवसांत आमच्या घरात मासळी येत नाही. गेली अठरा वर्षं ते दोन दिवस सुंगटी दूधभात खायची. त्या सकाळी मी उठले तेव्हा आई पाटल्या दारी, परसातल्या तीन दगडांच्या चुलीवर, एका वेगळ्या टोपात काहीतरी शिजवत होती. आदल्या दिवशी नुस्तेकान्नीकडून तिनं दोन तारले घेऊन बाहेर मांगरात झाकून ठेवले होते. स्वयंपाकघरात नैवेद्याच्या पातोळ्या आणि बाहेर तारले. न्हाऊन, सोवळ्यातलं कापड नेसायच्या आधी तिनं ते काटे काढून कालवले आणि बोटावर घेऊन तिच्या तोंडाशी धरले. किती तरी वेळ धरले. सुंगटीनं हुंगलं नाही. आईनं बोट धुतलं, पुन्हा न्हाली आणि पूजेच्या तयारीला लागली. आयुष्यभर ज्या बाईनं चवथीला घराच्या आवारात मासळी येऊ दिली नाही, तिनं त्या दिवशी ती रांधली. त्याबद्दल आम्ही दोघी अजून बोललेलो नाही.

त्या रात्री आरती झाली, पाहुणे गेले, दीड वाजता मला जाग आली. खुर्ची रिकामी होती. सगळं घर शोधलं. ती न्हाणीत सापडली. ओल्या फरशीवर पडलेली, हनुवटी पाण्याच्या ताटलीच्या काठावर ठेवलेली. पाणी तोंडापासून बोटभर अंतरावर होतं आणि ते पिणं जमत नव्हतं. शेपटी आणि मागचे पाय लघवीनं भिजलेले. इतकं स्वच्छ मांजर, आणि ते चाटून पुसायचंही त्राण नाही. मी तिला उचललं तेव्हा तिच्या पायांत बारीक झटके येत होते.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्या चवथीला त्यांच्या मूळ गावी, काणकोणला गेलेल्या, परत येणार सोमवारी. ओळखीचे आणखी दोन नंबर लावले. रात्रीचे दोन, चवथीची रात्र, दुसऱ्या दिवशी रविवार. कुणी उचलला नाही, आणि त्यांनी का उचलावा? मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, त्या आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी डॉक्टर अर्ध्या तासात आल्या असत्या. मी बोलावलं नाही. ती रात्र तिला माझ्यामुळं काढावी लागली.

फोनवर डॉक्टरांनी सकाळपर्यंत काय करायचं ते सांगितलं. कोमट पाण्यानं पुसून कोरडं करा, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, तोंडात काही घालू नका, फक्त ओल्या कापसानं ओठ ओले करा, सलाईन बंद. पहाटेपर्यंत मी तेच करत बसले. थोड्या वेळानं आई उठून आली, माझ्याशेजारी जमिनीवर बसली. तिचे गुडघे धड नाहीत, ती एरवी खाली बसत नाही. वर माटोळी होती, सुपारीची शिपटं, तोरींग, घागऱ्यो. समोर गणपतीपुढची समई. आई बराच वेळ सुंगटीच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिका आतां सोड गो."

मी विचारलं, "पाप म्हणत होतीस ना?"

"तुज्या बापायच्या वेळार आमच्या हातांत कांयच नाशिल्लें," ती म्हणाली. "हांगा आसा."

रविवारी गणपतीचं विसर्जन झालं. भावानं डॉक्टरांशी बोलून एका औषधाची चिठ्ठी फोनवर मागवली, फोंड्याला उघडं असलेलं दुकान शोधलं, दुखणं कमी करायचं ते औषध आणलं. त्यानं झटके थांबले नाहीत, पण मधे मधे झोप लागली. सोमवारी सकाळी साडेनऊला डॉक्टर काणकोणहून थेट आमच्याकडं आल्या, घरी न जाता.

पुढचं पुष्कळांना जाणून घ्यायचं असतं आणि कुणी विचारत नाही, म्हणून जसं झालं तसं सांगते. आधी त्यांनी एका कागदावर माझी सही घेतली. मग काय काय होईल ते सगळ्यांना, भावाच्या मुलीलाही, आधीच सांगितलं. डोळे मिटणार नाहीत. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होईल, ते शरीराचं असतं, तिचं नाही. लघवी होईल. कुणाला थांबायचं नसेल त्यानं जावं. कुणी गेलं नाही. मी खुर्चीत बसले आणि तिला मांडीवर जुन्या टॉवेलवर घेतलं.

पहिलं इंजेक्शन गुंगीचं. त्यानंतर दहा मिनिटं थांबायचं होतं. चार-पाच मिनिटांत तिच्या मानेचा, खांद्यांचा ताण उतरला. पंधरा दिवस ती अंग आवळून पडत होती हे मला ते सैल पडल्यावर कळलं. तिचं डोकं माझ्या मनगटावर आलं, जड. मग डॉक्टरांनी पुढच्या पायावरचे थोडे केस काढले. अंगात पाणी नसलं की शिरा सापडत नाहीत, तिथं मिळाली नाही. मागच्या पायाला मिळाली. दुसरं औषध भूल द्यायचंच असतं, फक्त फार जास्त मात्रेत. ते पूर्ण आत जायच्या आधीच तिचा श्वास थांबला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं, आणि "गेली" एवढंच म्हणाल्या. आईनं तिच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं आणि ओठांवर पाणी सोडलं.

पुरण्याबद्दलही डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. ते औषध शरीरात राहतं, त्यामुळं खड्डा उथळ ठेवला आणि कुत्र्यानं किंवा कोल्ह्यानं उकरलं तर त्याच्या जिवाला धोका. तीन फूट तरी खोल हवं, विहिरीपासून लांब, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं नाही, सुती कापडात. आमच्या भाटात ओवळीचं झाड आहे, बकुळ म्हणतात ते. तिथं दीड फुटावर चिऱ्याचा थर लागला. भाऊ आणि शेजारचा मुलगा पिकासानं फोडत राहिले, वरून पाऊस, खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं. टोपानं पाणी उपसून तळाशी कोरडी वाळू घातली, कारण ओल्यात ठेवायला आई तयार नव्हती. आईच्या जुन्या सुती कापडात तिला बांधलं. भावाच्या मुलीनं माटोळीतला कांगलांचा एक घोस वर ठेवला. माती लोटल्यावर दोन चिरे आडवे टाकले. काकी येऊन फुलं ठेवून गेल्या.

उरलेल्या सलाईनच्या सहा बाटल्या आणि सुया मी डॉक्टरांना परत नेऊन दिल्या. त्यांच्याकडं तेव्हा पेडण्याहून येणारा एक म्हातारा बोका होता, त्याला उपयोगी पडणार होत्या. त्याच्या मालकिणीला सुई घालायची भीती वाटत होती. दोन वेळा मी तिच्याबरोबर बसले आणि तिच्या हाताला धरून शिकवलं.

ती वही मात्र बरेच दिवस उघडली नाही. दिवाळीच्या सुट्टीत एके दुपारी लाल पेन घेऊन बसले. 30 ऑगस्टपासून सुरुवात केली आणि प्रत्येक आकड्यापुढं, तिचा तो दिवस आठवून, जो द्यायला हवा होता तो आकडा लिहिला. 31 ऑगस्ट, भूक, 6 खोडून 1. हालचाल, 5 खोडून 2. आनंद, 7. त्यावर पेन बराच वेळ थांबलं. मग तोही खोडला. त्या दिवसाची बेरीज 14 झाली. पानाच्या तळाशी तारीख घालून सही केली आणि पुढचं पान उलटलं.